गाडी केली, पण वाट कुणाची?

गाडी करून एक दिवस फिरायला जाणे ही आता आपल्या समाजात नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. दिवाळीची सुट्टी असो, मे महिना असो की पोराला नोकरी लागल्याचा आनंद असो, चार घरे मिळून गाडी करतात आणि पहाटे पाच वाजता विहारासमोर ती येऊन उभी राहते. म्हाताऱ्या आईला पुढची सीट, पोरांना मागची, मधल्या सीटवर डबे आणि पाण्याचे कॅन. ज्या समाजाने दादरला आणि नागपूरला जाताना ट्रकच्या फाळक्याला धरून रात्री काढल्या, एस. टी.च्या टपावरून प्रवास केला, तो समाज आज स्वतःच्या पैशाने गाडी करतो. कुणी याला चैन म्हणेल. आम्ही म्हणत नाही. ज्या घरातल्या बाईला वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस चूल सुटत नाही, तिला एक दिवस कुणीतरी गाडीत बसवून जग दाखवणे ही चैन नव्हे, तो तिचा हक्क आहे.

पण हक्क मिळाला म्हणजे तो कसा वापरायचा हे आपोआप कळते असे नाही. त्यासाठी तो कसा मिळाला हे आधी आठवावे लागते.

बाबासाहेबांनी इंग्रजीत लिहिलेले 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटेखानी आत्मकथन बहुतेकांच्या वाचनात असेल. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने छापले आणि पुढे महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात ते आले. अस्पृश्यता म्हणजे काय हे परक्या माणसाला समजावे म्हणून त्यांनी त्यात काही प्रसंग सांगितले आहेत. ते पुन्हा काढून पाहा. त्यातले तीन प्रसंग भाड्याच्या गाडीचे आहेत! बैलगाडी, टांगा आणि मोटार. एका माणसाच्या आयुष्यात वाहने बदलत गेली, पण हाकणाऱ्याच्या मनातली जात मात्र जागची हलली नाही.

पहिला प्रसंग १९०१ च्या सुमाराचा. रामजीबाबा सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरीस होते. त्यांना भेटायला छोटा भीमराव, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची मुले अशी पोरे नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. घ्यायला कुणी आले नव्हते, कारण पत्र वेळेवर वडिलांच्या हातात पडलेच नाही. पोरे चांगल्या घरची दिसतात म्हणून स्टेशनमास्तरने चौकशी केली. आपण महार आहोत असे कळताच त्याचा चेहरा एकदम पालटला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, पोरांजवळ भाड्याचे पैसे होते, तरी एकही गाडीवान तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी : भाडे दुप्पट घ्यायचे, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे. पाण्यावाचून ती रात्र कशी गेली ते मुळातूनच वाचावे. डबा होता, पण घोटभर पाणी कुणी दिले नाही.

दुसरा प्रसंग १९२९ चा. आता ते पोर राहिले नव्हते. परदेशांतल्या पदव्या घेतलेले बॅरिस्टर होते, मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे सभासद होते. चाळीसगावच्या आपल्या लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. साहेबांना पायी कसे न्यायचे, म्हणून टांगा करायला गेले. टांगेवाले म्हणाले, टांगा घ्या, पण आम्ही हाकणार नाही. मग ज्याने कधी टांगा हाकला नव्हता असा आपलाच एक माणूस लगाम धरून बसला. पुलावर घोडा बिथरला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले. टांगा आणि घोडा नदीत! बॅरिस्टरकी एका बाजूला आणि टांगेवाल्याची जात दुसऱ्या बाजूला; तराजूत जड ठरली ती जात.

तिसरा प्रसंग १९३४ चा, आणि तो तर थेट आपल्या विषयाचा आहे. चळवळीतल्या सहकाऱ्यांना वाटले, एकदा बाबासाहेबांबरोबर सहलीला जावे. ठरले की वेरूळची बौद्ध लेणी पाहायची. सुमारे तीस माणसे, बहुतेक अस्पृश्य. नाशिकहून मोटारी केल्या आणि येवल्यामार्गे निघाले. वाटेत त्रास होऊ नये म्हणून सहलीचा गवगवा केला नव्हता, आपली वस्ती असेल तिथेच थांबायचे ठरले होते. म्हणजे सहलीचा आराखडासुद्धा अस्पृश्यतेने आखून दिलेला! निजामाच्या हद्दीत दौलताबादचा किल्ला पाहण्यासाठी ते उतरले. तोंडे, कपडे धुळीने माखलेले. दरवाजाबाहेर काठोकाठ भरलेला छोटा हौद होता. काहींनी त्यात हातपाय, तोंड धुतले. आत शिरतात न शिरतात तोच एक पांढऱ्या दाढीचे वृद्ध मुसलमान गृहस्थ ओरडत आले, ढेडांनी हौद बाटवला! बघता बघता जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली. स्थानिक अस्पृश्यांनाही बोल लावले गेले. बाबासाहेबांनी संतापून त्यांना विचारले, तुमचा धर्म हेच शिकवतो काय? उद्या हा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला तुम्ही याच पाण्यापासून अडवाल काय? या सवालाला उत्तर आले नाही. अखेर किल्ला पाहायला मिळाला तो या अटीवर की कुठेही पाण्याला शिवायचे नाही. आणि त्यावर लक्ष ठेवायला बरोबर हत्यारबंद शिपाई दिला.

देशाचा भावी घटनाकार किल्ला पाहतो आहे आणि पाण्यावर पहारा बसला आहे, हे चित्र आपल्या प्रत्येक सहलीच्या आधी डोळ्यांसमोर यायला हवे. त्याच हातांनी पुढे घटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते सर्वांना खुले झाले. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने सार्वजनिक वाहनात बसू न देणे हाही अस्पृश्यतेचा गुन्हा ठरला. गाडीची सीट आपल्याला कुणी दानात दिलेली नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. दौलताबादचा प्रसंग पुढे करून मुसलमानांविरुद्ध आपले कान भरणारे लोक हल्ली बरेच आहेत. त्यांनी प्रकरण अर्धेच वाचलेले असते. मसूरचे गाडीवान आणि चाळीसगावचे टांगेवाले कोण होते? हिंदूच होते. बडोद्याच्या पारशी वसतिगृहातून बाबासाहेबांना बाहेर काढणारे पारशी होते. बाबासाहेबांनी कुणाचीच भीड ठेवली नाही. जातीचा रोग शेजारच्या धर्मांनाही कसा लागतो हे त्यांनी दाखवले. तेव्हा आज आपल्या गाडीचा ड्रायव्हर मुसलमान असेल तर त्याच्यासमोर हा प्रसंग खाली मान घालून सांगू नका आणि त्याच्याकडे वाकड्या नजरेनेही पाहू नका. सरळ सांगा. बाबासाहेबांनी धर्माला सवाल केला होता, ड्रायव्हरला नव्हे.

आता आजच्या सहलीकडे येऊ. औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, गाडी करायला गेलात की तयार पॅकेज समोर ठेवतात. आठ तास, ऐंशी किलोमीटर. दौलताबाद, खुलताबाद, घृष्णेश्वर, वेरूळ, परतताना मकबरा, पाणचक्की आणि एखादे हिमरू-पैठणीचे दुकान. यात वेरूळला किती वेळ? तासभर, फार तर दीड. दरवाजातून आत गेले की समोरच सोळा क्रमांकाचे कैलास लेणे. तिथे सगळे फोटो काढतात, थकतात आणि तोवर ड्रायव्हरचा फोन येतो, चला. आमची माणसे वेरूळ पाहून आलो म्हणतात आणि ज्या लेण्यांसाठी बाबासाहेब नाशिकहून निघाले होते ती न पाहताच घरी येतात!

वेरूळची पाहायला मिळणारी लेणी चौतीस. त्यांपैकी पहिली बारा बौद्धांची आहेत. कैलाससमोर डोंगराकडे तोंड करून उभे राहिलात की ती उजव्या हाताला, दक्षिणेकडे पसरलेली आहेत. सुरुवात तिथूनच करा. दहाव्या लेण्यात चैत्यगृह आहे. दगडात कोरलेल्या लाकडी वाशांसारख्या फासळ्या आणि खाली पाय सोडून बसलेले तथागत. त्याला विश्वकर्मा म्हणतात, सुतार की झोपडी असेही म्हणतात. बारावे तीन ताल म्हणजे तीन मजली विहार. वरच्या मजल्यावर ओळीने बसलेल्या सात बुद्धमूर्ती आहेत. अकराव्याचे नाव दोन ताल, कारण खालचा मजला मातीत गाडला गेला होता. १८७६ साली तो उघडा झाला, पण नाव दोन तालच राहिले.

आणि पाचवे लेणे! शंभराहून अधिक फूट खोल असा हा विहार. मधोमध दोन लांबच लांब दगडी बाक आहेत, ज्यांच्याशी भिक्खू ओळीने बसून भोजन किंवा अध्ययन करीत असावेत. या लेण्याला लोक काय म्हणत आले? महारवाडा. आणि फर्ग्युसन, बर्जेस या इंग्रज अभ्यासकांच्या १८८० च्या ग्रंथात या साऱ्या बौद्ध लेण्यांच्या समूहाचेच नाव 'ढेरवारा' म्हणजे ढेडवाडा असे नोंदलेले आहे. खालच्या जातीची वस्ती, असा अर्थही तिथे दिला आहे. म्हणजे दौलताबादच्या हौदावर जो शब्द बाबासाहेबांच्या अंगावर शिवी म्हणून फेकला गेला, तोच शब्द पुढे काही मैलांवर बुद्धाच्या लेण्यांना आधीच चिकटवलेला होता. बुद्धाची जागा आणि अस्पृश्याची जागा गावाने एकाच नावाने ओळखावी याचा अर्थ काय? अस्पृश्य हे मूळचे बौद्ध होते, हा सिद्धांत बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात मांडला. एका लेण्याच्या नावावरून तो सिद्ध होतो असे आम्ही म्हणणार नाही. पण महारवाड्याच्या त्या दगडी बाकाजवळ उभे राहून हा प्रश्न आपल्या लेकरांना विचारता येतो, आणि तसा प्रश्न कोणत्याही पॅकेजमध्ये नसतो.

शहरातही तेच. विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात औरंगाबादची बौद्ध लेणी आहेत. सातव्या लेण्यात आठ संकटांतून माणसांना सोडवणारा अवलोकितेश्वर कोरला आहे, आतल्या बाजूला तारा आहे. मकबऱ्याला आलेली गाडी तिथून थोड्याच अंतरावरच्या या लेण्यांकडे वळतच नाही. नागसेनवनात १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सुरू केलेले, पुढे मिलिंद नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय आहे. मराठवाड्यातल्या किती घरांत पहिला पदवीधर या आवारातून निघाला! ज्या विद्यापीठाच्या नावासाठी लोकांनी घरे जाळून घेतली, जीव दिले आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, त्याचे प्रवेशद्वारही वाटेवरच आहे. ही आपली प्रेक्षणीय स्थळे नव्हेत काय?

यात सगळा दोष ड्रायव्हरचा आहे असे समजू नका. हा धंदा कसा चालतो ते पाहा. गाडी कर्जावर घेतलेली असते आणि हप्ता चुकत नाही. गाडी दुसऱ्याची असेल तर ड्रायव्हरला मिळतो तो तुटपुंजा पगार किंवा रोजचा भत्ता. दुकानात गिऱ्हाईक नेले की विक्रीवर काही टक्के मिळतात, हॉटेलात गाडी थांबवली की त्याचे जेवण फुकट होते. तो पैसा त्याचा दुसरा पगार आहे. ज्या ठिकाणी दुकान नाही, तिथे गाडी थांबवून त्याला काहीच मिळत नाही. बौद्ध लेण्यांच्या पायथ्याशी पैठणी विकत नाहीत! म्हणून वाट बदलायची असेल तर त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही. आदल्या दिवशीच ठिकाणांची यादी त्याच्या हातात द्या. दुकानात जायचे नाही हे आधी सांगा, आणि त्याचे त्यात जे बुडते त्याची भरपाई म्हणून चार पैसे वर द्या.

काही साध्या गोष्टी गाडी ठरवतानाच बोलून घ्याव्यात. वेरूळ मंगळवारी बंद असते आणि अजिंठा सोमवारी. अजिंठा शहरापासून सुमारे शंभर किलोमीटर. एका दिवसात दोन्ही उरकायचा हट्ट धरला तर दोन्ही राहतात. अजिंठ्याला आपली गाडी फर्दापूरजवळच्या फाट्यावर थांबते, पुढचे चार किलोमीटर एस. टी.च्या गाडीने जावे लागते. तो वेळ धरा. बाहेरगावच्या गाडीला दिवसाला किमान तीनशे किलोमीटर लावण्याची पद्धत सर्रास आहे, तुम्ही कमी फिरलात तरी. टोल, पार्किंग, ड्रायव्हर भत्ता भाड्यात आहे की वेगळा, हे कागदावर घ्या. आणि पिवळ्या पाटीचीच गाडी करा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी शे-दोनशे रुपये स्वस्त पडते. पण ती भाड्याने चालवणे बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळताना नाकी नऊ येतात. घर उघड्यावर पडते ते अशा स्वस्ताईने.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. स्टिअरिंगवर बसलेला तो कोण आहे? अनेकदा तो आपलाच असतो. शिक्षण अर्धवट सुटलेला, भरती निघत नाही म्हणून लायसन काढून गाडीवर गेलेला आपल्याच वस्तीतला पोरगा. नसेल आपला, तर मुसलमानाचा, धनगराचा, कुणब्याचा असेल. उच्चवर्णीय गिऱ्हाईक गाडीत बसले की पाच मिनिटांत त्याला विचारते, गाव कोणते, आडनाव काय? आडनावावरून उलगडा झाला नाही तर गावात घर कोणत्या बाजूला, तेही विचारते. मसूरच्या स्टेशनमास्तरचा प्रश्न अजून गाडीतून उतरलेला नाही, फक्त तो आता मागच्या सीटवरून विचारला जातो. हे आपण जाणतो. मग आपण मागच्या सीटवर बसलो की काय करतो?

दुपारी जेवणाच्या वेळी कोणत्याही पर्यटनस्थळाच्या वाहनतळावर उभे राहून पाहा. झाडाखाली सतरंजी पसरलेली असते, भाकरी, ठेचा, मटणाचा डबा उघडलेला असतो, आणि ड्रायव्हर पलीकडे गाडीच्या बॉनेटला टेकून मोबाइलमध्ये डोके घालून उभा असतो. त्याला कुणी बोलावलेले नसते. कुणी उरलेले कागदावर घालून नेऊन देतो. आपल्या घरातून कुणी असे वागत असेल तर त्याला थांबवले पाहिजे. उष्टे आणि उरलेले याचा इतिहास ज्यांच्या पाठीवर कोरला आहे, त्यांनी दुसऱ्याच्या पुढे उरलेले ठेवू नये. पंगत एक हवी. त्याला आधी हाक मारा, आणि नाव घेऊन हाक मारा. 'ए ड्रायव्हर' नको. वयाने मोठा असेल तर दादा, भाऊ, चाचा म्हणा. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे दार ज्याने घडवले त्या धेनुकाकटच्या सामि नावाच्या सुताराचा उल्लेख तिथल्या दगडात कोरलेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वी सुताराचे नाव लेण्यावर येत होते. आणि आपण दिवसभर ज्याच्या हातात आपली लेकरे सोपवतो, त्याचे नावसुद्धा संध्याकाळपर्यंत विचारत नाही!

झोपेचेही तेच. पॅकेजमधले आठ तास ड्रायव्हरच्या विश्रांतीसाठी नसतात, ते मालकाच्या हिशेबासाठी असतात. नवव्या तासापासून जादा पैसे लागतात, पण ते ड्रायव्हरच्या हातात किती पडतात? व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना बाबासाहेबांनी १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती मांडली आणि बारमाही कारखान्यांतल्या कामगाराचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. त्या माणसाचे अनुयायी म्हणवणाऱ्यांनी पहाटे चारला निघालेल्या ड्रायव्हरला रात्री अकराला, अजून एक देऊळ, अजून एक धबधबा असे म्हणावे काय? त्याचे डोळे मिटले तर गाडीत आपणच असतो. मुक्काम असेल तर आपल्या खोलीचे बुकिंग करताना त्याच्या झोपायची सोय विचारा. गाडीतच झोपेल तो, असे म्हणून मोकळे होऊ नका.

आणखी एक. गाडीत गाणी कोणती लागतात? बहुतेक जण ड्रायव्हरच्या पेन ड्राइव्हवर जे असेल ते ऐकतात. वामनदादांची, शाहिरांची गाणी आपल्या मोबाइलमध्ये असतात, पण परक्या ड्रायव्हरसमोर लावायला काही जण अजून बिचकतात. आडनाव विचारल्यावरही काहीजण गुळमुळीत उत्तर देतात. कशासाठी? भाडे आपले, दिवस आपला. मसूरच्या बैलगाडीत बसलेल्या पोरांना पाणी मिळावे म्हणून आपण मुसलमान आहोत असे सांगावे लागले होते, आणि तरीही पाणी मिळाले नाही. आज आपल्यावर ती वेळ नाही. जयभीम म्हणूनच गाडीत बसावे.

तेव्हा पुढच्या वेळी गाडी कराल, तर जाण्याआधी घरात एक बैठक घ्या. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मधला दौलताबादचा प्रसंग पोरांकडून वाचून घ्या. सकाळी औरंगाबादची लेणी, मग नागसेनवन, मग दौलताबाद आणि दुपारपासून संध्याकाळपर्यंत वेरूळ, पहिल्या लेण्यापासून. एवढ्यात दिवस भरतो. दौलताबादला गाइड रामदेवराय सांगेल, तुघलक सांगेल, मेंढा तोफ आणि चाँद मिनार दाखवील. १९३४ साली दरवाजाबाहेर काय घडले ते आपल्या पोरांना आपणच सांगायचे आहे. लेण्यांच्या भिंतींवर नाव कोरू नका, मूर्तीला गुलाल-नारळ करू नका. पाहा, मोजा, लिहून घ्या. ड्रायव्हर ऐकत असेल तर त्यालाही आत चला म्हणा. वर्षानुवर्षे वेरूळच्या दारापर्यंत गाडी आणणारे, पण आतले एकही लेणे न पाहिलेले किती तरी ड्रायव्हर असतील. त्याचे तिकीट आपण काढू. पाचव्या लेण्यातल्या त्या दगडी बाकावर कुणाचीही जात न विचारता बसता येते, हे त्यालाही कळू द्या.